हाइडनरांच्या बखरीतली जागा

१

प्लोनीच्या घरात दिवस भांडणानं उजाडायचा आणि भांडण नेहमी खिडकीवरून व्हायचं. घरात मोठी खिडकी एकच, कालव्यावर उघडणारी, आणि उजेड काय तो तिथंच. प्लोनी चित्रं काढी, तिचा नवरा गालुस अक्षरं लिही, आणि उजेडाची खरी गरज आपल्यालाच आहे असं दोघांनाही वाटे. हरायचा रोज गालुसच. मग तो कुरकुरत लेखणी, दौत आणि बुडाखालची उशी घेऊन आतल्या खोलीत जाई आणि मधलं दार उघडं टाकून तिथून दिवसभर बडबडत राही.

"चित्र वाकडं आलं तर लोक म्हणतात, वा, काय कल्पना आहे. अक्षर वाकडं आलं तर म्हणतात, हा प्यायला होता," हे त्याचं ठरलेलं गाऱ्हाणं.

"मग पिऊ नकोस," हे तिचं ठरलेलं उत्तर.

खाली गिरणीचं चाक धडधडत असे. ऑग्सबर्गच्या त्या गल्लीत जन्माला आलेल्या माणसाला ते ऐकूही येत नसे.

धंदा बरा चालला होता. शहरातल्या बड्या घराण्यांना अलीकडे बखरींचा सोस लागला होता. शेजाऱ्याच्या कपाटात शहराची सचित्र बखर आणि आपल्या कपाटात नाही, म्हणजे नाक कापल्यासारखंच. सगळ्या बखरी एकाच वाटेनं जात. ट्रॉय पडलं तिथून निघायचं, रोमन आणायचे, संत आफ्राला जाळायचं, लेख नदीकाठी हंगेरियन कापायचे, आणि हळूच बखर करवून घेणाऱ्याच्या आजोबापर्यंत पोचायचं. आजोबानं जन्मभर मीठ विकलेलं असलं तरी चित्रात तो सम्राटाच्या घोड्याचा लगाम धरून उभा राही. प्लोनीला त्याचं काही वाटत नसे. ज्याची बखर त्याचा आजोबा.

गालुस आधी मजकूर लिही आणि चित्रांसाठी चौकटी मोकळ्या सोडी. प्लोनीला वाचता येत नव्हतं. चौकटीत काय हवं ते तो तिला सांगे. चुका मात्र दोघांच्याही तीच काढी. वासराच्या कातड्याच्या पानावरचं लिहिलेलं, रंगवलेलं चाकूनं खरवडून टाकता येतं, पण त्याला हात हलका लागतो. गालुसनं एकदा एक शब्द खरवडता खरवडता पानामागच्या सम्राटाच्या पोटाला भोक पाडलं होतं. तेव्हापासून तो चाकू त्याच्या हाती द्यायचा नाही असा घरात कायदाच झाला होता.

मेल्खियोर हाइडनरची बखर पुरी होऊन, शिवून, पितळी कड्या लावून त्याच्या घरी पोचली होती. एका सकाळी ती दोन नोकरांच्या खांद्यावरून परत आली आणि मागून जिना चढत तो स्वतः आला. मीठवाला हाइडनर, नगरसभेचा सभासद; दारातून आत येताना त्याची फरची बाही चौकटीला अडकली तेव्हा त्यानं चौकटीकडे असं पाहिलं, की तिनंच बाजूला व्हायला हवं होतं.

"काम झकास झालंय बाई," तो म्हणाला. "फक्त एक माणूस जास्त झालाय."

त्यानं शेवटचं मोठं चित्र उघडलं. शपथेचा दिवस. नगरसभा पायऱ्यांवर उभी, उजवे हात वर. पुढच्या रांगेत महापौर, त्याच्या डावीकडे एक उंच हसरा माणूस, आणि त्याच्या डावीकडे मेल्खियोर. त्याचं बोट हसऱ्या माणसावर होतं.

"हे तर तुमचे थोरले बंधू. फाइट मालक," प्लोनी म्हणाली.

"होता."

आतून गालुसचा आवाज आला. "वारले? अरेरे. परवाच तर बाजारात..."

"वारला नाही. विणकरांच्या बाजूनं सभेत बोलला. माझ्या लेखी एकच." त्यानं बाही झटकली. "चित्रातून काढा. मजकुरात एकदा नाव आलंय, तेही काढा. संत मार्टिनच्या सणाला माझ्याकडे पंगत आहे, महापौर येणार आहेत. त्याआधी मला पुस्तक हवं."

प्लोनीला वाईट वाटलं. फाइट चित्रासाठी दोन दुपारी तिच्यासमोर बसला होता. बसला म्हणजे काय, इकडेतिकडे हिंडत राहिला, तिच्या फळांच्या टोपलीतली सगळी पेरं खाल्ली आणि जाताना म्हणाला, नाक थोडं कमी करा, घरच्यांना तेवढाच आनंद. पण असं कुणाला तरी काढून टाकण्याची ही पहिली वेळ नव्हती. बड्या लोकांचे जावई बिघडत, भागीदार पळून जात, आणि मग चाकू निघे. तिनं मान हलवली.

२

तिनं आधी ओल्या फडक्यानं रंग सैल केला, मग चाकू वाकडा धरून, श्वास रोखून, कडेकडेनं खरवडायला सुरुवात केली. कातड्याचा भुगा कोरडा असतो. फुंकर मारली की उडतो. हा उडेना. बोटांना चिकटला. तिनं बोटं चोळली तर तो ओलसर लागला, आणि कोमट.

तिनं वर पाहिलं. छप्पर गळत नव्हतं. फडक्यात पाणी जास्त झालं असेल, तिनं ठरवलं. पण पाणी काही कोमट नव्हतं. भुग्याला वास होता, पावसात भिजून आलेल्या माणसाच्या डगल्याला येतो तसा. तिनं तो झाडून चुलीत टाकला आणि हात दोनदा धुतले. मग गालुसनं दाखवली ती ओळ खरवडली. मोजून दोन शब्द. गालुस तिच्या खांद्यावरून बघत होता. "गेला बिचारा फाइट हाइडनर," तो म्हणाला, "आता विणकरांच्या बखरीत जागा बघेल."

गर्दीत भोक ठेवायचं नसतं. चितारी लोकांकडे त्यासाठी नमुन्यांचा कागद असतो: चार म्हातारे, चार तरुण, कुठंही उभे करावेत. प्लोनीनं त्यातला दाढीवाला म्हातारा महापौराशेजारी उभा केला. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर म्हातारा पोपडे होऊन पानाच्या घडीत पडला होता. बाकी चित्र जसंच्या तसं.

तिनं डिंक वाढवला. म्हातारा पुन्हा पडला. अंड्याचा पांढरा बलक लावून पाहिला, बैलाचं पित्त लावून पाहिलं, म्हातारा सोडून तरुण उभा केला. तोही पडला. खरवडलेली जागा तेवढी गुळगुळीत, कोरी, माणसाच्या उंचीची.

"म्हातारबाबा सगळ्या बखरींत उभे राहून दमले असतील," गालुस आतून म्हणाला. "बसू दे त्यांना."

प्लोनी हसली नाही. ती चित्रातल्या इतर लोकांकडे पाहत होती. तिनं त्यांना शपथेकडे, वर पाहणारे काढले होते, हे तिला पक्कं आठवत होतं. आता त्यातल्या दोघातिघांची बुबुळं त्या कोऱ्या जागेकडे वळलेली दिसत होती. स्वतःच्या हातानं काढलेली बुबुळं. उजेडाचा खेळ, ती म्हणाली, आणि खिडकीचा पडदा थोडा ओढला. बुबुळं तशीच राहिली.

३

आणखी मुदत मागायला ती हाइडनरांच्या वाड्यावर गेली. दार उघडणारी मोलकरीण तिच्या ओळखीची होती, तोंडाची सैल. प्लोनीनं सहज विचारलं, "थोरले मालक कुठं असतात हल्ली?"

"हे काय, वरच आहेत. मेल्खियोर मालक."

"त्यांचे थोरले भाऊ गं. फाइट."

मोलकरणीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "भाऊ कुठला? एकुलते एक आहेत म्हणून तर एवढे शेफारलेत," ती आवाज खाली आणून म्हणाली.

धन्याचं मीठ खातेय, त्याच्या तालावर बोलणारच, असं मनाशी म्हणत प्लोनी वर गेली. पण मेल्खियोरनंच तिला पहिला प्रश्न केला, की त्याच्या शेजारी चित्रात डाग कसला पडलाय आणि तो अजून का निघत नाही.

"मालक, तुम्हीच म्हणालात ना, भावाला काढा म्हणून."

"माझा भाऊ?" तो हसला. "बाई, मला भाऊ असता तर या घराची वाटणी नसती झाली? रंगाच्या वासानं डोकं फिरलं की काय तुमचं? डाग काढा आणि तिथं कुणीतरी माणूस उभा करा."

प्लोनीचं पोट माणसांच्या चेहऱ्यांवर चालत होतं. खोटं हसणाऱ्याचे डोळे मागे राहतात, हसत नाहीत, हे तिला मिश्यांच्या केसांइतकं बारकाईनं ठाऊक होतं. मेल्खियोरचे डोळे हसत होते.

ती घरी आली ती जवळजवळ धावतच. गालुसनं ते नाव स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. "फाइट हाइडनर आठवतो ना तुला?" तिनं दारातच विचारलं.

"कोण?"

"इथं येऊन बसला होता. माझी पेरं खाल्ली."

"पेरं मी खाल्ली," गालुस म्हणाला. "कबूल करतो. त्यावर नाव कशाला घेतेस दुसऱ्याचं?"

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. चेष्टा करताना त्याची डावी भुवई उडे. ती जागेवर होती. मेल्खियोर विसरला, मोलकरीण विसरली, गालुस विसरला. एक तीच राहिली होती, जिच्या बोटांना तो भुगा लागला होता. असं काही नसतं, ती स्वतःला म्हणाली. माणसं विसरतात. तिनं पुन्हा हात धुतले.

४

शरद ऋतूत शहरातले कालवे गाळ काढायला बंद करतात. पाणी गेलं की चाकं थांबतात आणि सबंध खालचं शहर मुकं होतं. त्या शांततेत प्लोनीला आतल्या खोलीतली लेखणी ऐकू येई, गालुस मधेच नाक ओढे तेही. तिला ते बरं वाटे. जागा अजून कोरीच होती आणि मार्टिनचा सण तोंडावर आला होता.

मग तिला सुचलं ते कुठल्याही चिताऱ्याला सुचलं असतं. नमुन्यावरचा माणूस टिकत नसेल तर समोर बसवून खरा काढावा. आणि समोर फुकटात बसणारा माणूस घरात एकच होता.

"फर दाखवणार का अंगावर?" गालुसनं विचारलं.

"कोल्ह्याची."

"मग बसतो. जिवंतपणी दुसरीकडे कुठं मिळणार?"

त्यानं खिडकीपाशी बसायची संधी साधून खिडकी आपलीच असल्यासारखे पाय पसरले. तिनं त्याचं लांब नाक काढलं, शाईनं काळी झालेली बोटं काढली, हनुवटीवरचा तो चामखीळही काढला, ज्याला ती लग्नाच्या वर्षापासून मुका देताना नावं ठेवत आली होती. रंग पानात असा मुरला की तिला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी गालुस जागेवर होता. त्यानंतरच्या दिवशीही. महापौराच्या डावीकडे, हात वर करून, शहराशी इमान राखण्याची शपथ घेत.

"तुझं ऋण कसं फेडू," तो पानावर वाकून म्हणाला. "बापाला दाखवायला हवं होतं. म्हणायचा, गालुस, तू आयुष्यात कुठंच पोचणार नाहीस."

प्लोनीला इतका आनंद झाला की तिनं त्या दिवशी खिडकी त्याला दिली.

५

मेल्खियोर पाहायला आला. पान उघडून तो वाकला, मग सरळ झाला आणि उघड्या दारातून आतल्या खोलीकडे पाहिलं. गालुस उठून नमस्कारासाठी झुकला होता.

"हा तुमचा नक्कल करणारा माझ्या आणि महापौरांच्या मध्ये?"

"जागा भरायची होती मालक. तुम्ही नुसता माणूस म्हणालात..."

"माणूस म्हणालो, लेखनिक नाही. उद्या पंगतीत महापौर हे पान उघडतील. त्यांच्या खांद्याला कुणाचा खांदा लागलाय ते विचारतील. मी काय सांगू, आमच्याकडे शाई घोटतो?" त्याचा आवाज चढला नव्हता. "काढा. जागा कोरी राहिली तरी चालेल, वर माझ्या घराण्याचं ढालीवरचं चिन्ह चिकटवू. उद्या दुपारी माणसं येतील. जमत नसेल तर आत्ताच सांगा, पुलापलीकडचा एंगेलहार्ट दगडानं घासून घटकाभरात साफ करून देईल."

तो गेल्यावर गालुस म्हणाला, "नाहीतरी ती फर मला टोचत होती."

चाकू घ्यायची प्लोनीची छाती होईना. भुगा आठवत होता. तिनं ठरवलं, चेहरा तेवढा झाकू, टोपी खाली ओढू, दाढी चढवू, ओळखू आला नाही म्हणजे झालं. ब्रश बुडवून तिनं चित्रातल्या नाकातोंडावर करड्या रंगाचा पातळ हात दिला.

आत गालुस खोकला. मग जोरात खोकला. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला. ती धावली तेव्हा तो मेजाची कड धरून उभा होता, तोंड उघडं, आणि श्वास आत जात नव्हता. ती उलटी पळाली, ओल्या फडक्यानं पानावरचा रंग पुसला, पुन्हा पुसला. आतून एक लांब, घरघरता श्वास आला.

"थंडी बाधली," गालुस डोळे पुसत म्हणाला. "कालव्याचा गाळ उपसताहेत ना. सगळी गल्ली खोकतेय."

गल्ली खरंच खोकत होती. प्लोनीनं तेवढ्यावर विश्वास ठेवायचा खूप प्रयत्न केला. मग तिनं चाकू घेतला आणि चित्रातल्या हनुवटीवरचा चामखीळ, तेवढा एक ठिपका, खरवडला. भुग्याचा एक कण बोटावर आला, कोमट.

ती आत गेली. गालुस लिहीत होता. तिनं त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. कातडी गुळगुळीत होती.

"तुझा चामखीळ कुठाय?"

"माझा कधी होता चामखीळ?" तो म्हणाला. "कुणाच्या हनुवट्या बघत हिंडतेस तू?"

६

त्यानंतर तिनं जे जे सुचलं ते करून पाहिलं. पान कापून लपवावं म्हणून तिनं पुस्तकाच्या घडीत चाकू घातला. पानामागे मासळीबाजाराचं चित्र होतं, आणि बाजारातले चेहरे तिनं खिडकीतून बघून काढले होते: पाववाली वाल्बुर्गा, तिची मुलं, समोरचा चांभार. खाली रस्त्यावर वाल्बुर्गा कुणाला तरी पिठाच्या भावावरून सुनावत होती. प्लोनीनं बोटभर कापलं आणि वाल्बुर्गाचा आवाज शब्दाच्या मध्येच थांबला.

प्लोनीनं चाकू काढला. थोड्या वेळानं खाली वाल्बुर्गा पुन्हा बोलू लागली, पण हळू, वाट चुकल्यासारखी. कदाचित ती नुसती दम घेत असेल. कापलेली जागा प्लोनीनं खळीनं चिकटवली आणि पुन्हा तिथं हात लावला नाही. पुस्तक जाळायचा विचार तिच्या मनात आला तसा तिनं तो चटकन टाकूनही दिला. त्या पानांत अर्धं शहर होतं.

शेवटी तिनं गालुसला सगळं सांगितलं. फाइटचं, भुग्याचं, चामखिळाचं. तो ऐकत राहिला आणि मग त्यानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"प्लोनी, मी चित्रात राहतो का? इथं राहतो, तुझ्या डोक्याशी. खरवडून टाक. हाइडनर गेला तर दुसरं कुणी आपल्या दारात येणार नाही."

"मी नाही हात लावणार."

"मग एंगेलहार्ट लावेल. तो तर वासराचं कातडं वासरासकट घासतो."

तो तिला हसवायला बघत होता. ती मात्र एंगेलहार्टच्या नावापाशीच अडकली, कारण तोवर तिनं त्याचा नीट विचारच केला नव्हता. त्यानं घासलं तर आठवेल त्याला. कुणीतरी लांब नाकाचा लेखनिक, ज्याला तो दुसऱ्या दिवशी दारूबरोबर गिळून टाकेल. आणि ती इथं या खिडकीत बसलेली असेल, पेरांची टोपली शेजारी, आणि कुणी गालुसचं नाव घेतलं तर मान वर करून विचारेल, कोण?

तिला मरणाची भीती वाटली नसेल इतकी त्या एका शब्दाची वाटली. जो खरवडतो त्याच्याजवळ तेवढं तरी उरतं. गालुस जाणार हे तिला कळून चुकलं होतं. आता तो कुणाजवळ राहणार, एवढंच तिच्या हातात होतं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुस्तक खिडकीपाशी उघडलं. मधलं दार तसंच होतं. आत लेखणी कुरकुरत होती. कालवे कोरडेच होते, त्यामुळे दुसरा कुठलाच आवाज नव्हता. तिनं पायांपासून सुरुवात केली, कारण तोंड तिला शेवटी हवं होतं.

"गालुस, आपण पहिल्यांदा कुठं भेटलो रे?"

"सकाळी सकाळी काय हे. उल्मला, जत्रेत. तू शिंपल्यांत रंग मांडून बसली होतीस आणि मी त्यांवर पाय दिला."

"कुठल्या रंगावर?"

"निळ्या. महागातल्या. तू मला ज्या शिव्या दिल्यास त्यातल्या दोन मी तोवर ऐकल्याही नव्हत्या."

चाकू घोट्यांवरून वर गेला. भुगा तिच्या मनगटापर्यंत चिकटत होता. आत खुर्ची करकरली.

"पायाला मुंग्या आल्यात," तो म्हणाला. "बसून बसून."

"उठू नकोस. पुढं सांग."

"पुढं काय? पैसे नव्हते, म्हणून तुला एक प्रार्थना लिहून दिली. तुला वाचता येत नाही हे तू आठवडाभर सांगितलंच नाहीस."

"सुंदर दिसत होती ना पण. मी ती भिंतीवर लावली."

फर गेली. कमरपट्टा गेला. चाकू त्या वर केलेल्या हातावर आला, शाईच्या काळ्या बोटांवर. तिला रडू येत होतं आणि रडली तर हात हलेल म्हणून ती रडत नव्हती. आतली लेखणी थांबली.

"काय लिहीत होतो मी?" गालुसनं विचारलं.

"प्रार्थना."

"कुणाची?"

"माझी," ती म्हणाली. "बोलत राहा."

"दार लावलंस का गं? लांबून येतोय तुझा आवाज."

"उघडंच आहे."

"केवढं आभाळ आलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, नुसतं नवल होतं. तिच्यासमोर खिडकीत लख्ख ऊन होतं. पानावरचे डोळे, नाक गेलं होतं; आता तोंड तेवढं उरलं होतं, जरासं उघडं, शपथ घेणारं. तिनं चाकू वर उचलला आणि उचललेलाच धरला. एवढं ठेवलं तर? तोंड तेवढं राहू दे. कुणाच्या लक्षात येणार आहे.

"रात्री जेवायला काय करू?" तिनं विचारलं.

मग अगदी भिंतीतून यावा तसा आवाज आला, पण त्याचाच, तिला चिडवायच्या आधी असे तसा.

"सलगमाचं कालवण कर. फक्त मीठ जरा..."

ती वाट पाहत राहिली. मग खाली पाहिलं. चाकू तिच्या हातात अधांतरीच होता, तिनं तो टेकवला नव्हता. पानावर ओठ नव्हते.

ती दारापर्यंत गेली. आतल्या खोलीत छतापर्यंत जळाऊ लाकडं रचलेली होती. मेज नव्हतं, ते मावायला जागाही नव्हती. लाकडांवर वर्षानुवर्षांची धूळ बसली होती आणि आतल्या झरोक्यावर कोळ्याचं जुनं जाळं होतं. धुळीच्या पलीकडे, दोन ओंडक्यांच्या फटीत, काहीतरी क्षणभर पांढरं दिसलं, माणूस वळून बघताना दिसतं तसं. मग तिथं लाकडाचं सालपट होतं.

दुपारी हाइडनरची माणसं पुस्तक न्यायला आली. कोरी जागा पाहून खूश झाली. त्यांच्यातला एक म्हणाला, अक्षर काय सुरेख आहे, कुण्या साधूनं लिहिलंय? प्लोनी म्हणाली, गालुसनं. त्यानं मान डोलावली, साधूचं नाव असावं अशी. ते खाली उतरल्यावर वाल्बुर्गा त्यांना सांगत होती की बिचारी पहिल्यापासून एकटीच राहते, आज सकाळपासून मोठमोठ्यानं बोलत होती.

संध्याकाळी कालव्यात पाणी सोडलं आणि गिरणीचं चाक पुन्हा धडधडू लागलं. प्लोनीनं सलगमं चिरली, भांडं चुलीवर चढवलं, आणि मिठाची चिमूट धरून तशीच उभी राहिली. कमी घाल म्हणणार होता की जास्त, ते तिला माहीत नव्हतं.